उजव्या हातात गवत, डाव्या हातात पाला

गायीच्या मागे दिवसभर चालायचं असतं, हे कळायला मला बावीस वर्षं लागली. तोवर माझ्याकडे गाय यायची ती पोत्यांतून. म्हणजे तिचं खाणं यायचं. गवताची पोती, वाळवलेल्या पाल्याच्या पिशव्या, झाकण घट्ट लावलेले शेणाचे डबे. मी ते वाळवायची, दळायची, जाळायची, वजन करायची आणि त्यात गायीच्या अंगाला लागण्यासारखं किती आहे ते सांगायची. चराऊ गुरांच्या आहारावर मी व्याख्यानं दिली, तीस पानांची पुस्तिका लिहिली. पण प्रत्यक्ष चरणारी गाय पाहिली ती बहुतेक वेळा एसटीच्या खिडकीतूनच.

हे आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गेल्या उन्हाळ्यात जव्हारला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात मी बोलले. तीन गोष्टी सांगितल्या. पावसाळाभर एखादा उतार गुरांना बंद ठेवा. गवत फुलोऱ्यावर आलं की कापा, वाळून काडी होईपर्यंत थांबू नका. आणि झुडपं काढून टाका, म्हणजे गवताला जागा मिळेल. समोर पहिल्या रांगेत चिंतामण बसले होते, पोशेऱ्याजवळच्या एका पाड्याचे कारभारी. वर्षातले चार महिने ते ठाण्याला इमारतींच्या कामावर असतात, बाकीचे महिने शेतात. त्यांनी माझं बोलणं इतकं मनावर घेतलं की घरी जाऊन पाड्यामागचा अख्खा उतार बंद करवला. आश्विनात त्यांचा फोन आला.

"मॅडम, दोन गोष्टी केल्या. तिसरी अटकली."

"कुठे अडकली?"

"एक बाई आहा. मंगळी. पाड्याची गुरं तीच चारते. झुडपांना हात लावू देत नाय. वाघबारशीला पाडा बसनार हाय. उतार पुढच्या सालाला बंद ठेवायचा का सोडून द्यायचा, ते ठरनार. निम्मी मान्सं म्हनतात सोडून द्या, गुरांना लांब न्यावं लागतं. तुम्ही या. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! गुडघ्यांना पट्टे बांधून त्रेपन्न वर्षांची मी निघाले. प्रवासाचं सांगत नाही. एसटीत झोप लागली आणि शेजारच्या बाईंच्या खांद्यावर माझं डोकं तासभर होतं, एवढं पुरे.

जव्हार

पठारावर उतरले तेव्हा हवेत इतका गारवा होता की मी उगाचच दोनदा मोठ्याने "वा!" म्हटलं. डेपोबाहेर दिवाळीचा बाजार भरलेला. डोंगरातून आलेल्या बायकांनी रस्त्याच्या कडेला काकड्यांचे ढीग मांडलेले. काकड्या म्हणजे आमच्याकडच्यासारख्या हातभर सडसडीत नव्हेत, मांडीवर घेऊन चिरायच्या, पिवळ्या पडलेल्या, तान्ह्या बाळाएवढ्या. एकीने मला फोड कापून दिली. "घ्यायची नाय तर नको घेऊ, खा तं खरी," म्हणाली. मी खाल्ली, आणि मग एक अख्खी घेतली, आणि पुढचे दोन दिवस तिला कडेवर घेऊन हिंडले.

बाजारात मला खरं तर वेगळीच वस्तू हवी होती. गायीचे घास मोजायचं बोटात अडकवायचं यंत्र मी घरी टेबलावर विसरले होते. दाबलं की टिक् होतं आणि आकडा एकाने पुढे जातो. शोधता शोधता पूजेच्या सामानाच्या दुकानात सापडलं. नामजप मोजायला लोक घेतात ते.

"दोन द्या," मी म्हटलं.

दुकानदार थबकला. "दोन? जप तर एकाच देवाचा करणार ना?"

"एक गवताचं, एक पाल्याचं."

त्याने माझ्याकडे बघितलं, काकडीकडे बघितलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "बरं."

जामसर

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने जामसरला. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने भाताच्या बांधांवर मारवेल लावलंय असं कळलं होतं. मारवेल म्हणजे गुरांचं आवडतं गवत, बारीक पानाचं, मऊ. म्हाताऱ्याचं नाव सोमा. पावसावरची शेती, दोन्ही बाजूंना भात पिवळा होऊन वाकलेला आणि मधल्या बांधावर आम्ही दोघं, एकामागे एक, सर्कशीतल्यासारखे.

मी पिशवीतून कात्री काढली, नमुना कापला, कागदी पिशवीत घातला, वर नाव लिहिलं. सोमा कमरेवर हात ठेवून बघत होता.

"हे घेऊन काय करनार?"

"प्रयोगशाळेत तपासणार. यात गुरांना किती पोषण आहे ते कळेल."

"किती दिवसानं कळेल?"

"तीन आठवडे लागतात."

त्याने वाकून एक काडी उपटली, अर्धी स्वतः तोंडात घातली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "चाव."

मी चावली. गोडसर. उसाच्या लांबच्या नात्यातली वाटावी अशी.

मग त्याने बांधाच्या टोकाची, बी झडून गेलेली दुसरी काडी दिली. चावली, तर तोंडात नुसता झाडू. थुंकावी लागली.

"कळला?" सोमाने विचारलं.

कळलं होतं. गवत फुलोऱ्यावर असताना कापावं, हे माझ्या पुस्तिकेतलं अकरावं पान होतं आणि म्हाताऱ्याने ते तीन आठवड्यांऐवजी तीन मिनिटांत वाचून दाखवलं होतं. मला इतका आनंद झाला की त्या बांधावर मी आठ प्रकारची गवतं चावली. नवव्याला सोमा म्हणाला, "ते नको. ते गुरं पन खात नाय." तोवर उशीर झाला होता. जीभ दुपारपर्यंत बधिर होती. तसंच भाताच्या चिखलात एक पाय गेला, तो काढताना चप्पल आत राहिली, चप्पल काढताना दुसरा पाय गेला. सोमाच्या सुनेने ओढून बाहेर काढलं आणि पाय धुवायला पाणी देताना हसू दाबायचा अजिबात प्रयत्न केला नाही.

पोशेरा, संध्याकाळच्या आधी

मोखाड्याकडे रस्ता वळत वळत चढतो आणि दर वळणावर डोंगराचा रंग बदलतो. नागली, म्हणजे आपली नाचणी, कापणीला आलेली, तांबूस. खुरासणीची, कारळ्याची शेतं मात्र पिवळ्या फुलांनी नुसती पेटलेली. मी शेजारच्या प्रवाशाला दर दोन मिनिटांनी "ते बघा!" म्हणत होते. तो तिथलाच होता. बिचारा दर वेळी बघत होता.

चिंतामण फाट्यावर न्यायला आले होते. "टेन्शन नाय लेने का मॅडम, दहा मिन्टं," म्हणाले, आणि आम्ही पाऊण तास चढलो.

पाड्यावर बातमी आधीच पोचली होती की गुरांची डॉक्टरीण येतेय. अंगणात एक लंगडी शेळी, खोकणारा बैल आणि टोपलीखाली दोन मलूल कोंबड्या माझी वाट बघत होत्या.

"मी औषध देणारी डॉक्टर नाही हो," मी म्हटलं. "मी गवताची डॉक्टर."

शेळीवाला काळजीत पडला. "गवताला काय आजार आहा?"

त्या गर्दीच्या मागे कुडाला टेकून एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात बांबूची काठी. तीच मंगळी, हे कोणी सांगावं लागलं नाही. मी पुढे होऊन नमस्कार केला. "मंगळीबाई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. तुम्हाला वेळ आहे का?"

तिने मागे वळून बघितलं, उजवीकडे बघितलं. "तुम्ही म्हंजे कोन कोन? मी एकलीच आहा."

सगळा पाडा हसला. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू. देवाला तू, कारभाऱ्याला तू, जव्हारहून आलेल्या साहेबालाही तू. माझ्या तोंडात वडीलधाऱ्यांना तू म्हणणं काही केल्या येईना. शेवटी बायकांनी मला तिथे उभं करून दोनदा म्हणायला लावलं, "मंगळी, तू जेवलीस का?" दुसऱ्या वेळी जमलं.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. भाकरी काळी, जाड, चुलीच्या धगीचा वास असलेली. आमच्याकडे नाचणी म्हणजे आजाऱ्याला द्यायची पेज किंवा आता फॅशन म्हणून बिस्किटं. इथे ती जेवण आहे. तीन खाल्ल्या. मंगळी पुढ्यात बसून माझं खाणं मोजत होती.

"आता सांग," ती म्हणाली. "माझी झाडं का तोडायची?"

मी समजावलं. झुडपांच्या सावलीत गवत वाढत नाही. तेवढी जागा मोकळी झाली तर गवत जास्त, आणि गाय तर गवतच खाते.

"कोन सांगला?"

कोणी सांगितलं होतं? पोत्यांनी. पोत्यांत लोक गवत भरून पाठवत होते, म्हणून मी गवत तपासत होते.

"वैशाखात ये," मंगळी म्हणाली. "गवत संपलेला आसतं. धामनीच्या झाडाला पालवी येते तवा. गाय काय खाईल? तुझा पुस्तक?"

चिंतामण कानकोंडे होऊन चुलीकडे बघायला लागले. मग मला दुसऱ्या लोकांकडून कळलं ते असं: झुडपं तोडू न देणारी मंगळीच उतार बंद ठेवायच्या बाजूने सगळ्यात आधी उभी राहिली होती. आणि बंदीमुळे पावसाळाभर रोज दोन डोंगर ओलांडून लांब गुरं न्यायचं काम तिच्याच पायांवर पडलं होतं. उद्या पाड्याने उतार सोडून दिला, तर तिचा पावसाळा फुकट जाणार होता.

"उद्या मी तुझ्याबरोबर येते," मी म्हटलं. "गाय काय खाते ते मोजू. घास न् घास. आणि उतारावरच मोजू. एक दिवस तो उघडा."

मंगळीने चिंतामणांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. "चालशील?" तिने माझ्या गुडघ्याच्या पट्ट्यांकडे बोट केलं.

"चालेन," मी म्हटलं. खोटंच.

उतारावर

पद्धत सोपी आहे, पुस्तकात. एक गाय निवडायची, तिच्यापासून तीन-चार हातांवर राहायचं, ती जे जे तोंडात घेईल त्याचा घास मोजायचा आणि तिने जिथून जेवढं तोडलं तिथलंच तेवढं आपणही हाताने तोडून पिशवीत टाकायचं. म्हणजे गायीच्या पोटात गेलं तेच आपल्या पिशवीत. मी उजव्या बोटात गवताचं यंत्र घातलं, डाव्या बोटात पाल्याचं, पिशव्या कमरेला बांधल्या, डोक्यावर वाळलेल्या गवताची विणलेली रुंद टोपी.

मंगळीने कबरी निवडली. या डोंगरांतली डांगी गाय, पांढऱ्या अंगावर काळे डाग शिंपडल्यासारखे. हात लावला तर कातडी तेलकट. याच तेलाने ती इथला पावसाळा अंगावरून ओघळवून घालवते. मी तिच्या छातीचा घेर मोजायला फीत घातली. कबरीला ते पसंत नव्हतं. ती चालू लागली, मी फीत धरून मागे, आणि पहिली पन्नास पावलं कोण कोणाला मोजतंय ते कळेना.

तोवर पाड्यातली जवळजवळ सगळी माणसं वरच्या बांधावर येऊन बसली होती. कापणी उद्यावर ढकलली होती. बायका, म्हातारे, शेळीवाला शेळीसकट.

उताराचे दोन भाग होते. खालचा निम्मा चिंतामणांनी भाद्रपद संपताना कापवला होता, गवत फुलोऱ्यावर असतानाच. पावसात ते वाळवायचं कसं, यावर माझ्या पुस्तिकेत अवाक्षर नव्हतं. त्यांनी बांबूचे माच बांधून त्यावर छपराखाली वाळवलं होतं. त्या भागात आता कोवळं गवत पुन्हा फुटलेलं. वरचा निम्मा भाग तसाच ठेवलेला, कमरेएवढा, सोनेरी, वाऱ्यावर लाटा येणारा. इतका देखणा की माझा फोटो काढा म्हणून मी चिंतामणांच्या मागे लागले.

कबरी खालच्या भागात शिरली आणि खाऊ लागली. उजवं, उजवं, उजवं. टिक् टिक् टिक्. मी मागे वाकून गवत खुडत, कमरेच्या पिशवीत टाकत, धापा टाकत. बांधावरून कोणीतरी ओरडलं, "चालू झाली!" तास गेला, दीड तास गेला. डावं यंत्र अगदी मागे. मी मंगळीकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती काठीवर हनुवटी टेकून उभी. "अजून वर गेली नाय," एवढंच म्हणाली.

मग कबरी वर गेली. त्या सोनेरी, देखण्या गवतात. मी बोट यंत्रावर ठेवून तयार. कबरीने एकदा तोंड खाली नेलं, एक घास घेतला, मान झटकली आणि पुढे चालू लागली. कमरेएवढ्या गवतातून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, थेट असाण्याच्या झुडपाकडे. आणि पाला ओरबाडू लागली.

टिक्. डावं.

"डावी!" बांधावरून आरोळी आली.

टिक्, टिक्.

"डावी! डावी!"

असाण्यावरून धामणीवर, धामणीवरून परत असाण्यावर. मध्येच खाली कुठे हिरवं पातं दिसलं की एखादं उजवं, की बांधावर गवताच्या बाजूचे चार म्हातारे ओरडायचे, आणि लगेच पुन्हा डावी. मी असं कधी अनुभवलं नव्हतं. बावीस वर्षं माझ्या कामाकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं आणि इथे एकेका घासाला टाळ्या पडत होत्या! मी वाकत होते, तोडत होते, घसरत होते, हसत होते. सलवारीत कुसळं घुसून पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखं होत होतं. आणि ते टोचल्यावरच मला कळलं. मी खाली बसले, ते देखणं गवत हातात घेतलं. टोकाला कुसळांचे झुबके, एकेक भाल्याच्या टोकासारखं. हे गायीच्या हिरड्यांत घुसत असणार. एक काडी तोडून चावली. झाडू.

मी खाली वाकून काडी थुंकत होते तेवढ्यात डोक्यावर थंड वारा लागला. मागे वळले तर कबरी माझी टोपी खात होती. शांतपणे, कडेपासून आत, अजिबात घाई न करता.

वर बांधावर माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मंगळी इतकी हसली की तिला काठी टेकून खाली बसावं लागलं. डोळे पुसत तिने विचारलं, "डॉक्टरीन, टोपी कंच्या हातात मोजली?"

मी विचार केला. वाळलेलं का होईना, गवतच. उजवं दाबलं.

दुपार कलली तेव्हा डावं यंत्र उजव्याच्या पुढे गेलं होतं. खालच्या, वेळेवर कापलेल्या भागात माझं म्हणणं खरं; वरच्या भागात मंगळीचं. आणि मी म्हटल्याप्रमाणे झुडपं तोडली असती, तर कबरीसाठी वरच्या भागात उरलं असतं ते फक्त फोटो काढायला.

मी आणि मंगळी असाण्याखाली बसलो. तिने एक पान खुडून माझ्या हातावर ठेवलं. "हे खाल्ला का गुरांच्या पोटातले जंत पन जातात," ती म्हणाली. "म्हनून ती हुडकून खाते. मी लहान व्हते तवापासून बघते."

"मग आधी सांगितलं का नाहीस? चिंतामणांना?"

"सांगलेला. त्यो म्हनला, मॅडमच्या पुस्तकात नाय."

तिने माझ्या सलवारीतलं एक कुसळ काढलं, मग दुसरं. मी तिच्या लुगड्यातलं काढायला गेले, तर एकही नव्हतं. गुडघ्यापर्यंत नेसण्याचं कारण तेव्हा कळलं.

वाघबारस

आमच्याकडे त्या दिवशी वसुबारस. गाय आणि वासरू उभं करून पूजा, पुरणाचा घास. इथे त्याच दिवशी पूजा वाघाची. गाय खाणाऱ्याची! पाड्याच्या वेशीजवळ लाकडी खांबावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. त्याला शेंदूर लावायचा, नारळ द्यायचा आणि सांगायचं, वर्षभर आमची गुरं सांभाळ. मला आधी हे अजब वाटलं. मग वाटलं, ज्याच्याकडून धोका त्याच्याशीच बोलून घेतात ही माणसं, किती सरळ.

सकाळभर स्वयंपाक. माझी काकडी अखेर कामी आली: किसून, तांदळाचं पीठ आणि गूळ घालून, पानात गुंडाळून वाफवली. मी पहिला घास घेतला आणि कृती लिहून घ्यायला वही शोधू लागले, तेवढ्यात चिंतामण म्हणाले, "मॅडम, पाडा बसला."

खांबासमोर सगळे गोल बसलेले. चिंतामणांनी मला बोलायला उभं केलं. सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवत मी शेकडो वेळा बोलले आहे. इथे पडद्याच्या जागी वाघ होता.

"उन्हाळ्यात मी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या," मी म्हटलं. "पहिली बरोबर होती. दुसरी बरोबर होती. तिसरी चूक होती. झुडपं तोडायची नाहीत. मंगळीचं बरोबर आहे. मी गाय न बघताच लिहिलं होतं."

आमच्याकडे परिषदेत कोणी असं म्हणालं तर लोक चष्मे पुसतात. इथे शेळीवाल्याने सरळ विचारलं, "मंग तुझा पुस्तक खोटा?"

"एक पान खोटं."

"पानां किती?"

"तीस."

"मंग एकोनतीस खरी?"

"आता तेही छातीठोकपणे सांगवत नाही," मी म्हटलं, आणि सगळे हसत सुटले.

मग बोलणी झाली, तासभर, सगळे एकदम बोलत. उतार सोडून द्या म्हणणारा एक तरुण बाप माझ्याकडे वळून म्हणाला, "गवत चांगला झाला ते बघला. पन पावसात गुरं लांब नेनार कोन? मंगळी म्हातारी झाली."

"मी म्हातारी झाली नाय," मंगळी म्हणाली. "मी एकली आहा. ते निराळा."

मग चिंतामण उठले. आपण ठाण्याला उशिरा जाऊ, पण पावसाळ्यात आठवड्यातला एक दिवस गुरं आपण नेऊ, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यानंतर शेळीवाला. मग त्या तरुण बापाच्या बायकोने नवऱ्याच्या वतीने परस्पर हात वर केला. बघता बघता आठवड्याचे सगळे दिवस वाटले गेले. उतार पुढच्या वर्षीही बंद. सगळं गवत फुलोऱ्यावर, कुसळं धरायच्या आत कापायचं, दोन टप्प्यांत, म्हणजे माच पुरतील. झुडपं राहतील. कुठलं कधी छाटायचं ते मंगळी सांगेल. मला एवढंच काम दिलं: वैशाखात परत यायचं आणि धामणीच्या पालवीचे घास मोजायचे.

मंगळी माझ्याजवळ आली. माझं डोकं दोन्ही हातांत धरून तिने ते एकदा गदागदा हलवलं, कबरीचं हलवते तसं.

"आता वाघ कोन?" कोणीतरी ओरडलं.

त्यांचा रिवाज असा की गुराख्यांपैकी एकाने वाघ व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाड्याच्या वेशीबाहेर हाकलायचं. मग वर्षभर खरा वाघ फिरकत नाही.

"चुकली ती वाघ!" शेळीवाला म्हणाला.

मी नाही म्हणायच्या आत बायकांनी धरलं. राखेचे पट्टे, कावेचे पट्टे, गालांवर मिशा. शेपूट म्हणून माझीच ओढणी मागे खोचली. मी गुडघ्यांचं सांगू लागले तर मंगळी म्हणाली, "वाघाला गुडघं नसतात. डरकाळी फोड."

मी फोडली. पहिली खोकल्यासारखी झाली. दुसरीला खोकणारा बैल दचकला. तिसरीला सगळा पाडा काठ्या, सुपं, पातेली घेऊन माझ्यावर धावून आला आणि मी पळत सुटले. अंगणातून, खळ्याच्या कडेने, नागलीच्या शेतातून, उतरणीवर. किती वर्षांनी पळत होते! मागे पातेल्यांचा गजर, "हाकला! हाकला!", शेळी बें बें करतेय, माझी शेपूट करवंदीच्या जाळीत अडकून राहिली, आणि मी डरकाळ्या फोडतेय की हसतेय ते मलाच कळत नाही. वेशीच्या दगडापलीकडे उडी मारली आणि गवतात आडवी झाले.

गजर दगडापाशी थांबला. माणसं वळली, बोलत, हसत, परत वर चढू लागली. मी आभाळाकडे बघत पडून राहिले. छाती धडधडत होती. कोणी हाक मारीना. क्षणभर खरंच वाटलं की मला हाकलून सगळे जेवायला गेले.

मग काठीचा आवाज आला. मंगळी दगडापाशी येऊन उभी होती, तीही धापा टाकत. तिने माझ्याकडे बघून एकदा मोठ्याने सांगितलं, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं:

"वाघ गेला!"

आणि मग हात पुढे करून, हळू आवाजात:

"चल. आता बाय होऊन ये. भात शिजला."